हशा ओसरेपर्यंत थांबणारा रोबो

लग्नघरात जेवणं आटोपली की गप्पांचा फड जमतो. एक काका जुनाच किस्सा सांगतात आणि सगळे पोट धरून हसतात. तोच किस्सा, जवळजवळ त्याच शब्दांत, दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी सांगतं आणि ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. ‘सांगायची हातोटी लागते,’ असं म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण ही हातोटी म्हणजे नेमकं काय? शब्द, आवाज, चेहरा, नजर, मध्येच थांबणं यांपैकी काय काढून घेतलं की विनोद पडतो?

हे माणसांवर तपासणं अवघड आहे. मुरलेला कलाकार एकच विनोद दोनदा अगदी सारखा सांगूच शकत नाही. पहिल्या रांगेत कुणी खुसखुसलं तरी त्याचा आवाज बदलतो, खांदे बदलतात, पुढचं वाक्य अर्ध्या क्षणानं लांबतं. ‘आज फक्त थांबायचं नाही, बाकी सगळं तसंच ठेवायचं,’ असं त्याला सांगितलं तर त्याचं बाकीचंही बिघडतं. यंत्राचं तसं नाही. त्याचे शब्द, आवाज आणि हातवारे कायम ठेवून फक्त एकच गोष्ट बदलता येते. म्हणून गेल्या दीडेक दशकात काही संशोधकांनी थेट रोबोलाच मायक्रोफोनसमोर उभं केलं. या प्रयोगांतून रोबोंबद्दल जे कळलं, त्याहून जास्त माणसाच्या हसण्याबद्दल कळलं. आणि त्यातला काही भाग आपल्या घरातल्या, हळू बोलणाऱ्या किंवा अजिबात बोलू न शकणाऱ्या माणसांच्या थेट उपयोगाचा आहे.

दोन फुटी विनोदवीर

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका टेड कार्यक्रमात हेदर नाइट या रोबोतज्ज्ञ एका छोट्याशा रोबोला घेऊन आल्या. रोबोचं नाव होतं ‘डेटा’. एका फ्रेंच कंपनीनं बनवलेल्या ‘नाओ’ जातीचा हा रोबो जेमतेम दोन फूट उंचीचा. तो प्रेक्षकांना विनोद सांगत होता आणि प्रेक्षक लाल किंवा हिरवं कार्ड दाखवून आपली पसंती कळवत होते. हशा आणि टाळ्यांचा आवाजही रोबोची यंत्रणा ऐकत होती. आलेल्या प्रतिसादावरून पुढचा विनोद कोणता सांगायचा, हे ती ठरवत होती. विनोद साधेच होते. नवं होतं ते सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्यांकडे लक्ष ठेवणं.

हाच धागा ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या नेओमी फिटर यांनी पुढे नेला. त्यांचा रोबोही ‘नाओ’ जातीचाच, नाव ‘जॉन’. प्रयोगशाळेत चार विद्यार्थी बसवून हसण्याचा अभ्यास होत नाही, म्हणून त्यांनी जॉनला खऱ्याखुऱ्या कार्यक्रमांत, खऱ्या प्रेक्षकांसमोर उभं केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जॉनचे एकूण ३२ प्रयोग होते, २२ लॉस एंजेलिसमध्ये आणि १० ओरेगॉनमध्ये.

लॉस एंजेलिसच्या प्रयोगांत तपासलं गेलं ते टायमिंग. काही वेळा जॉन विनोद सांगून झाल्यावर हशा ओसरेपर्यंत थांबायचा आणि मग पुढे बोलायचा. काही वेळा शब्द तेच असायचे, पण प्रेक्षकांच्या हसण्याशी त्याच्या थांबण्याचा मेळ नसायचा. निकाल स्पष्ट होता. योग्य वेळी थांबणारा जॉन लक्षणीयरीत्या जास्त विनोदी ठरला.

ओरेगॉनमध्ये तपासलं गेलं ते प्रेक्षकांना दिलेलं उत्तर. विनोद रंगला, तर त्याची दखल घेणारं एखादं वाक्य जॉन पुढे जोडायचा. विनोद पडला, तर त्या पडण्यावरच शेरा मारायचा. यामुळे अख्खा कार्यक्रम खूप जास्त आवडला असं दिसलं नाही. पण एकेका विनोदाला मिळालेली पसंती मात्र जवळजवळ नेहमीच वाढली. पडलेल्या विनोदावर स्वतःच हसून घेणारा निवेदक आपल्याला का आवडतो, याचं हे छोटंसं उत्तर आहे. ‘तुम्ही हसला नाहीत, ते मला कळलं,’ असं तो आपल्याला सांगत असतो.

लंडनमध्ये २०१३ साली झालेला एक प्रयोग नजरेबद्दल होता. बार्बिकन सेंटरमध्ये माणसाएवढ्या उंचीच्या ‘रोबोथेस्पियन’ या रोबोनं प्रेक्षकांसमोर विनोदी कार्यक्रम केले आणि क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेऱ्यांच्या मदतीनं प्रेक्षकांचे चेहरे टिपले. रोबो कुणाकडे बघतो आणि कधी हातवारे करतो, याचा प्रेक्षकांच्या प्रतिसादावर परिणाम होत होता. डोळ्यांच्या जागी यंत्रं आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ‘हा माझ्याशी बोलतोय’ ही जाणीव काम करत होती.

एक पंचमांश सेकंदाचा खेळ

थांबण्याला एवढं महत्त्व का असावं? त्याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकानं प्रश्न विचारल्यापासून दुसऱ्यानं उत्तर द्यायला सुरुवात करेपर्यंत सरासरी किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. भाषा बदलली की आकडा थोडाफार मागेपुढे होत होता, पण सरासरी आली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग.

हा वेळ चकित करणारा आहे, कारण मेंदूला एक साधा शब्द शोधून तो तोंडावाटे बाहेर काढायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य संपण्याची आपण वाटच पाहत नाही. ते कुठे जाणार आणि कधी संपणार, याचा अंदाज आपण ते ऐकतानाच बांधत असतो आणि आपलं उत्तर तयार करत असतो.

विनोद नेमका याच सवयीचा फायदा घेतो. ऐकणारा मनातल्या मनात वाक्याच्या पुढे पळत असतो आणि सांगणारा शेवटच्या क्षणी रस्ता बदलतो. घाई केली, तर ऐकणाऱ्याचा अंदाज बांधूनच झालेला नसतो. उशीर केला, तर त्यानं शेवट ओळखलेला असतो. विनोद संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न येतो. हसायला आणि इतर लोक हसताहेत हे जाणवायला ऐकणाऱ्याला जागा हवी असते. मराठी रंगभूमीवर हशे वसूल करणारे नट हशाची लाट चढू देतात आणि ती ओसरू लागली की पुढचं वाक्य टाकतात. हशा पूर्ण विरला तर नाटक थंडावतं, आधीच बोललं तर वाक्य हशात वाहून जातं. जॉननं मायक्रोफोनवरचा आवाज मोजून जे केलं, ते हे नट कानांनी करत आले आहेत.

कोटी जुळते, पण बोलतो कोण?

आता सांगण्याची रीत बाजूला ठेवू आणि खुद्द विनोदाकडे वळू. तो यंत्राला रचता येतो का? एका प्रकारचा विनोद यंत्राला फार पूर्वीपासून जमतो. १९९४ मध्ये एडिंबरा विद्यापीठात किम बिन्स्टेड आणि ग्रॅमी रिची यांनी ‘जेप’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. शब्दकोशातले उच्चार आणि अर्थ जुळवून ती कोट्यांची कोडी बनवायची. मराठीत तसं कोडं करायचं झालं तर असं होईल: ‘निवडणूक जिंकणाऱ्याच्या आणि हरणाऱ्याच्याही गळ्यात काय पडतं?’ उत्तर, ‘हार’. एका शब्दाचे दोन अर्थ शोधायचे आणि ते दोन्ही लागू पडतील असा प्रश्न बांधायचा. हे नियमात बसतं, म्हणून ते यंत्राला जमतं.

आजच्या, प्रचंड मजकुरावर शिकलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. २०२३ मध्ये जर्मनीतल्या सोफी येंच आणि क्रिस्टियान केर्स्टिंग या संशोधकांनी चॅटजीपीटीला पुन्हा पुन्हा विनोद सांगायला लावलं. मिळालेल्या १,००८ विनोदांपैकी ९० टक्क्यांहून अधिक विनोद त्याच त्या २५ विनोदांची पुनरावृत्ती होते. लग्नघरातल्या काकांचा साठाही कदाचित एवढाच असेल. पण आपण कुणाला काय ऐकवलंय, हे काकांना ठाऊक असतं.

त्याच वर्षी एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवाच्या काळात गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २० व्यावसायिक विनोदी कलाकारांना अशा यंत्रांच्या मदतीनं लेखन करायला सांगितलं. यंत्रानं कार्यक्रमाचा सांगाडा पटकन बांधून दिला, पण त्यातला विनोद बेचव आणि कुणाचाच नसल्यासारखा आहे, असं अनेकांचं म्हणणं पडलं. कुणालाही दुखवू नये म्हणून यंत्रावर घातलेल्या बंधनांमुळे आणखी एक गोष्ट होत होती. समाजात आधीच बाजूला पडलेल्या गटांतले कलाकार स्वतःच्याच आयुष्याबद्दल लिहू पाहत, तेव्हाही यंत्र अंग चोरत होतं.

यामागे एक कारण आहे. लाखो वाक्यांवरून ‘यापुढे बहुधा काय येईल’ हे ओळखणं, हे या यंत्रांचं काम. विनोदाला हवं असतं ते बहुधा न येणारं, तरीही आल्यावर पटणारं. शिवाय तो कोण सांगतंय, यावर त्याचा अर्थ ठरतो. स्वतःच्या टकलावर केलेला विनोद आणि दुसऱ्याच्या टकलावर केलेला विनोद शब्दांनी एक असला, तरी ऐकणाऱ्याला एक वाटत नाही. रोबोचे बरेचसे यशस्वी विनोद बॅटरी, चार्जिंग आणि माणसांसारखं होण्याची धडपड यांवर असतात, ते यामुळेच. तिथे निदान त्याला ‘स्वतःचं’ म्हणता येईल असं काहीतरी असतं. अर्थात ते विनोदही त्याच्यासाठी माणसांनीच लिहिलेले असतात.

विनोद संपले, हसणं उरलं

रोबोंच्या प्रयोगांतून शब्दांपेक्षा सोबत मोठी ठरताना दिसते. हसण्याचा स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्यांनाही हेच दिसलं होतं. अमेरिकी मज्जाशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी सार्वजनिक जागी गप्पा मारणाऱ्या लोकांच्या हसण्याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. त्यांतल्या २० टक्क्यांहूनही कमी वेळा हसण्याआधी काही विनोदी बोललं गेलं होतं. उरलेलं हसू निरोपाच्या, ओळखपाळखीच्या, रोजच्या साध्या वाक्यांनंतर उमटलं होतं. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तिपटीनं नव्हे, ३० पटींनी अधिक सोबतीत हसतो, असंही त्यांना आढळलं.

मुंबईकरांना याचा पुरावा बागेतच मिळतो. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये लोखंडवाला संकुलातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज कुणीतरी विनोद सांगायचं आणि बाकीचे हसायचे. काही दिवसांतच चांगले विनोद संपले. उरले ते बोचरे किंवा चावट, आणि त्यावर तक्रारी येऊ लागल्या. मग कटारियांनी विनोदच काढून टाकला. आधी ठरवून हसायचं, आणि समोरच्याला हसताना पाहून खरं हसू आपोआप येतं, हा शोध तिथे लागला. आज राज्यातल्या कितीतरी बागांत सकाळी ऐकू येणारं हसणं या अडचणीतून जन्मलं आहे.

हसू लागट असतं, हे प्रयोगशाळेतही दिसतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मुद्दाम ४० पाचकळ विनोद घेतले आणि त्यांना ध्वनिमुद्रित हसण्याची जोड दिली. हसणं जोडल्यावर तेच विनोद लोकांना जास्त मजेशीर वाटले. जोडलेलं हसणं ओढूनताणून आणलेलं नसून उत्स्फूर्त असेल, तर आणखी जास्त. स्वमग्नता असलेल्या सहभागींमध्येही असाच परिणाम दिसला.

शरीरात काय घडतं, याचेही काही धागे हाती आले आहेत. ऑक्सफर्डचे रॉबिन डन्बार आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की इतरांबरोबर खळखळून हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. फिनलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूचं पेट स्कॅनिंग करण्यात आलं. मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत नैसर्गिक वेदनाशामक रसायनं स्रवतात, असं त्यात दिसलं. या अभ्यासांतले सहभागी थोडे होते, त्यामुळे ‘हसा आणि आजार पळवा’ असा अर्थ त्यातून काढू नये. पण एकत्र हसण्याचा शरीरावर मोजता येण्याजोगा परिणाम होतो, एवढं यावरून म्हणता येतं.

कधी हसायचं नाही

यंत्राला हसवायला शिकवण्याहून अवघड आहे ते दुसऱ्याच्या हसण्यात सामील व्हायला शिकवणं. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात ‘एरिका’ नावाचा माणसासारखा दिसणारा रोबो आहे. तिथल्या कोजी इनोउए यांच्या गटानं २०२२ मध्ये एरिकाला ‘सोबतीनं हसायला’ शिकवण्याचा प्रयत्न मांडला. त्यासाठी विद्यार्थी आणि एरिका यांच्यातल्या ८० हून अधिक संभाषणांचा आधार घेतला. त्या वेळी एरिकाच्या वतीनं पडद्यामागून माणसंच बोलत होती. त्यातून यंत्राला तीन गोष्टी शिकाव्या लागल्या: समोरचा हसला हे ओळखणं, आपण हसायचं की नाही हे ठरवणं, आणि हसायचं तर कसं, म्हणजे शिष्टाचाराचं हलकं हसू की मोकळं हसू. नंतर लोकांना संभाषणं ऐकवली, तेव्हा कधीच न हसणाऱ्या आणि प्रत्येक वेळी एकाच प्रकारे हसणाऱ्या रोबोपेक्षा, निवड करून हसणारी एरिका त्यांना जास्त समजूतदार वाटली.

समोरचा माणूस कधी संकोचानंही हसतो, कधी दुःखाची गोष्ट सांगतानाही हसतो. तिथे मोठ्यानं हसणारा ऐकणारा निष्ठुर वाटतो. आपल्या नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. कुणी, कुठे, किती हसावं हा तेव्हाही विचार करण्याचा विषय होता. एरिकाला सध्या त्यांतले दोनच प्रकार येतात.

हे कौशल्य किती नाजूक आहे, हे ते हरवल्यावर कळतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांना इजा होते. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या आप्तांशी बोलून विनोदबुद्धीतले बदल नोंदवले. या प्रकारातले रुग्ण टीव्हीवरच्या दुर्घटनेच्या बातमीलाही हसल्याची उदाहरणं आप्तांनी सांगितली. काहींमध्ये असा बदल इतर ठळक लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी जाणवला होता. कुणी पाचकळ विनोद केला म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र आयुष्यभर एका प्रकारे हसणाऱ्या माणसाचं हसणं उतारवयात अचानक बदललं आणि त्याबरोबर वागणंही बदललं, तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

रोबोचा आवाज, माणसाचा विनोद

आता या सगळ्या संशोधनाची दुसरी बाजू पाहू. इथे यंत्राला विनोद करायचा नसतो, तर माणसाला यंत्रातून विनोद करायचा असतो.

सेरेब्रल पाल्सी असलेली कितीतरी मुलं बोलू शकत नाहीत. चित्रांवर बोट ठेवून किंवा अक्षरं निवडून ती यंत्राकडून बोलवून घेतात. मराठीतही वापरता येणारं ‘जेलो’ हे आयआयटी मुंबईत विकसित झालेलं असंच एक साधन. पण अशा साधनांत भरलेले शब्द बहुधा गरजेचे असतात: पाणी, भूक, दुखतंय, शाळा, बाहेर जायचंय. मूल मागू शकतं, उत्तर देऊ शकतं. थट्टा करायची सोय मात्र क्वचितच असते. स्कॉटलंडमधल्या तीन विद्यापीठांच्या संशोधकांना हे खटकलं. ‘जेप’च्या धर्तीवर त्यांनी २००० नंतरच्या दशकात ‘स्टँडअप’ नावाची प्रणाली बनवली. बोलू न शकणारी मुलं ती वापरून कोट्यांची कोडी रचू शकत होती आणि यंत्राच्या आवाजात ती दुसऱ्याला घालू शकत होती. मुलांनी ती हौसेनं वापरली. कोड्याचा दर्जा इथे दुय्यम होता. कोडं घालणारा प्रश्न विचारतो, समोरचा हरतो आणि उत्तर कोडं घालणाऱ्याकडे असतं. एरवी ज्या मुलाला सगळे प्रश्न विचारतात, त्याच्या हाती संभाषणाची सूत्रं येतात.

असंच एक मूल पुढे रंगमंचावर गेलं, असं म्हणता येईल अशी कहाणी ब्रिटनमधल्या ली रिडली यांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना बोलता येत नाही. २०१२ मध्ये त्यांनी ‘लॉस्ट व्हॉइस गाय’ या नावानं विनोदी कार्यक्रम सुरू केले आणि २०१८ मध्ये ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली. त्यांचे विनोद आधी टाइप केलेले असतात. रंगमंचावर आयपॅडवर बोट टेकवलं की यंत्राचा कृत्रिम आवाज ते वाचतो.

रिडली आणि जॉन रोबो यांची तुलना करून पाहा. दोघांचे आवाज कृत्रिम आणि वाक्यं आधीच ठरलेली. हशा ओसरेपर्यंत दोघंही थांबतात. पण रिडली हसणाऱ्यांकडे बघून, बोट उचलून धरून थांबतात. विनोद पडला तर तो त्यांना लागतो. त्यांच्या थट्टेचा मोठा भाग आहे तो अपंग माणसाशी लोक कसे अवघडून वागतात याबद्दल, आणि तो बोलण्याचा हक्क त्यांनी जगून मिळवला आहे. प्रेक्षक ज्याला हसून दाद देतात तो माणूस आहे, आणि तिथे यंत्राचा सपाट आवाज आड येत नाही.

रंगमंचावर हे जमतं, कारण तिथे प्रेक्षक थांबलेले असतात. घरच्या जेवणाच्या टेबलावर कुणी थांबत नाही. आपण साधारण मिनिटाला दीडशे शब्द बोलतो. यंत्राच्या मदतीनं बोलणाऱ्या अनेकांना मिनिटाला दहा-पंधरा शब्दही जड जातात. त्यांना सुचलेला टोमणा टाइप होईपर्यंत बोलणी दोन विषय पुढे गेलेली असतात. मग यंत्र तो टोमणा वाचतं, सगळे क्षणभर गोंधळतात आणि कुणीतरी विचारतं, ‘काय म्हणालास?’ विनोद तिथेच संपतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडेच यावर काम केलं आहे. चालू संभाषण ऐकून कृत्रिम बुद्धिमत्तेनं झटपट विनोदी शेरे सुचवले तर? वेग वाढतो, पण मग तो विनोद कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. वेग आणि स्वतःचा सूर यांत वापरणाऱ्यालाच निवड करावी लागते.

ही अडचण यंत्रानं बोलणाऱ्यांपुरतीच नाही. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मनातलं हसू ओठांवर येत नाही आणि घरच्यांना वाटतं, ‘यांना आता कशातच रस उरला नाही.’ पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला शब्द उशिरा सापडतो. ऐकू कमी येणाऱ्या आजीला विनोदाचा शेवटच ऐकू येत नाही. सगळे हसले म्हणून तीही हसते, आणि हळूहळू ती त्या गप्पांत बसणंच टाळते. या माणसांची विनोदबुद्धी बहुतेक वेळा शाबूत असते. सेकंदाच्या पाचव्या भागाच्या त्या शर्यतीत ती मागे पडतात, इतकंच.

यावरचे उपाय साधे आहेत. हळू बोलणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करू नये. तो टाइप करतोय असं दिसलं तर विषय तिथेच धरून ठेवावा. बोलक्या साधनात गरजेच्या शब्दांबरोबर त्याच्या आवडीचे चार टोमणे, एखादं ‘काहीतरीच काय!’, एखादा घरातलाच जुना किस्सा आधीच भरून ठेवावा. यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांची मदत घेता येते. ऐकू कमी येणाऱ्याला समोर बसवावं, विनोदाचा शेवट त्याच्याकडे तोंड करून सांगावा आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य टाळावं. चेहरा हसत नसेल तर डोळ्यांकडे पाहावं, किंवा सरळ विचारावं.

जॉन रोबोला प्रेक्षकांचा विनोद कळत नाही, आनंदही होत नाही. त्याला एवढंच शिकवलेलं आहे, की समोरून आवाज येतोय तोवर थांबायचं. तेवढ्यानंही लोकांना तो बरा वाटला. आपल्या घरात एखाद्याला एक वाक्य बोलायला मिनिट लागत असेल, तर ते मिनिट थांबणं आपल्याला जमायला हरकत नाही. कदाचित त्या वाक्याच्या शेवटी विनोद असेल.